साडेआठ मीटर

फोज्जा, १३ जानेवारी २०१३

प्रिय इस्क्रा,

अक्षर ओळखलंस का? मी नेवेना मावशी. फोनवर तू दोन मिनिटांत ठेवतेस, म्हणून गावाकडे येणाऱ्या मित्कोच्या गाडीबरोबर पत्र धाडते आहे. त्याला बजावलंय, हे रादकाताईच्या हातात देऊ नको, थेट प्लोव्हदिवला इस्क्राच्या दुकानात दे. तुझ्या आईला कळलं तर म्हणेल, नेवेनाला म्हातारपणी खूळ लागलं.

मला कॅमेरा घ्यायचा आहे. हसू नकोस. मोबाइलमधला नाही, खरा, गळ्यात अडकवायचा, लेन्स बदलता येते तो. २५ मेला माझ्या बिल्यानाचा शाळेचा निरोपसमारंभ, आणि या वेळी मी येणार म्हणजे येणार. सिन्योर अत्तिलियोच्या मुलीला आत्ताच सांगून ठेवलंय, त्या आठवड्यात तुमचे बाबा तुम्ही सांभाळा. ती म्हणाली, "अगं नेवेना, बाबांना तुझ्याशिवाय कुणाला उचलताच येत नाही." म्हटलं, मग शिका उचलायला, चार महिने आहेत.

लेक सात वर्षांची होती, तेव्हा तिला तुमच्या घरी ठेवून मी इकडे इटलीत कामाला आले. अकरा वर्षांत दोनदा घरी आले, आठ-आठ दिवस. आमचा दोघींचा असा धड फोटो एकही नाही. एक होता जुन्या फोनमध्ये, तो फोन सिन्योरांच्या आंघोळीच्या टबात पडला. मला एकच फोटो हवा आहे, इस्क्रा. ती नटून दारातून बाहेर पडते आहे आणि शेजारी मी.

इथल्या चौकातला दुकानदार साडेचारशे युरोला कॅमेरा आणि झूमची लेन्स देतो म्हणतो. माझी उडी तेवढीच आहे. चोवीस मेगापिक्सेल म्हणे. घेऊ का? मला यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तू तर दिवसभर दुरुस्तीचे कॅमेरेच उघडून बसतेस.

बिल्यानाला अजून सांगू नकोस. सोबत चीज आहे, अर्धं तुझं.

तुझी मावशी

*

प्लोव्हदिव, २५ जानेवारी

प्रिय नेवेना मावशी,

पत्र मिळालं. मित्कोने "इटलीहून प्रेमपत्र आलंय" असं ओरडत गिऱ्हाइकांसमोर दिलं. पुढच्या वेळी पाकीट चिकटवून दे.

चीज आईला पोचवलं.

मेगापिक्सेलचे पैसे देऊ नकोस. तुला भिंतीएवढा फोटो छापायचा नाही. नवीन मॉडेल निघालं की मागच्या वर्षीचं तिसऱ्या हिश्शाने स्वस्त होतं, आणि फरक तुला दिसणार नाही. तेच माग. लेन्सशिवाय नुसता कॅमेरा मिळतो का विचार. तीनशेच्या आसपास बसायला हवा.

दुकानात कॅमेरा हातात धर. उजव्या हाताची करंगळी खाली लोंबकळत असेल तर तो तुझ्या हाताला लहान आहे. डोळा लावून बघ. चष्म्यासकट चारही कोपरे दिसले पाहिजेत.

वापरलेला दाखवला तर शटर किती वेळा उघडलंय ते विचार. सांगता आलं नाही तर घेऊ नकोस.

लेन्स अजून घेऊ नकोस.

इस्क्रा

*

फोज्जा, १० फेब्रुवारी

प्रिय इस्क्रा,

मी तुझी करंगळी, कोपरे, शटर सगळं विचारलं. दुकानदार म्हणाला, "सिन्योरा, तुमच्या घरी कुणी इंजिनियर आहे का?" म्हटलं, आहे, भाची आहे. मागच्या वर्षीचंच मॉडेल दोनशे नव्वदला दिलं. करंगळी व्यवस्थित बसते.

पण लेन्सवरून तो अडून बसलाय. म्हणतो, लग्न असो, बारसं असो, झूम घ्या, अंगणात उभं राहूनच सगळे मावतील, चालायला नको. मला पटतंय. तुमच्या अंगणात जागाच किती आहे? शिवाय मला त्यांच्यातच राहायचं आहे, लांब जाऊन काय करू?

खरं सांगू, तू एकटीच माझ्या पत्राला उत्तर देतेस. बिल्याना फोनवर "हं", "बरं", "झालं" एवढंच बोलते. तू लहानपणीही अशीच होतीस. मी निघाले त्या सकाळी माझी बॅग गाडीपर्यंत तूच आणली होतीस, पंधरा वर्षांची होतीस. रडली नाहीस, काही नाही. म्हणालीस, "चेन नीट लागत नाहीये, दोरी बांध."

मावशी

*

प्लोव्हदिव, २२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

दुकानदार कॅमेरे विकतो. मी ते उघडते. ती झूम घेऊ नकोस. स्वस्त झूम जवळून रुंद धरली की कडेची माणसं ताणली जातात आणि मधल्याचं नाक मोठं येतं. बिल्याना नाकाच्या बाबतीत हळवी आहे.

पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स घे. शंभर युरोच्या आत मिळते. ती झूम होत नाही, चालावं तूच लागतं. चेहरे सरळ येतात, मागचं सगळं विरघळतं. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली लेन्स नाही, हे कुणालाही विचार.

अंतरं लिहून ठेव. एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर तुझ्या कॅमेऱ्यावर ४.३ मीटर मागे. दारात चार मीटर रुंद घोळका उभा असेल तर साडेआठ. परवा मी अंगण मोजलं. दारापासून फाटकापर्यंत सहा मीटर आहेत. म्हणजे तू रस्त्यावर, फाटकापासून अडीच मीटर बाहेर. तिथे समोरच्यांचा पाण्याचा नळ आहे, त्याच्या डाव्या बाजूला उभी राहा.

बिल्यानाला मी सांगितलं. फोटो मावशी काढणार, असं. ती म्हणाली, "बरं."

इस्क्रा

*

फोज्जा, १७ मार्च

प्रिय इस्क्रा,

घेतली पन्नासची! सिन्योर अत्तिलियोंना रोज दुपारी खुर्चीत बसवते आणि ४.३ मीटर मोजून मागे जाते. भिंत आडवी येते, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन दारातून काढते. ते ओरडतात, "नेवेना, कुठे पळालीस?" म्हटलं, तुमचं नाक वाचवायला पळाले.

पण सगळे फोटो हललेले येतात, गं. माणूस एक आणि कडा तीन. दोष लेन्सचा नाही, माझ्या हातांचा आहे. अकरा वर्षं माणसं उचलून मनगटं गेली. सकाळी कपबशी घेतली तरी वाजते. मे महिन्यात तिच्यासमोर असे हात कापले तर?

आणि बिल्याना नुसतं "बरं" म्हणाली? म्हणजे खूश होऊन बरं, की असंच?

मावशी

*

प्लोव्हदिव, २९ मार्च

प्रिय मावशी,

हात कापण्यावर उपाय आहे. वरची चकती एस या अक्षरावर आण आणि शटर ६४० वर ठेव. म्हणजे शटर सेकंदाचा सहाशे चाळिसावा भाग उघडं राहील. उजेड असला की या वेगाला हात कापला तरी फोटो हलत नाही. तुझाच नाही, कुणाचाही. समारंभाची निघायची वेळ संध्याकाळी पाचची, तेव्हा अंगणात ऊन असतं. चकतीला एकदा हात लावलास की दिवसभर पुन्हा लावू नकोस.

"बरं" नुसतंच होतं. मला त्यातला फरक कळत नाही.

बॅगेची चेन मला आठवते. पुढचं तुला माहीत नसेल, म्हणून लिहिते. आमच्या घरी मुलांची खोली एकच होती. ऑक्टोबरात बिल्याना तिथे झोपायला लागली आणि मी प्लोव्हदिवला वसतिगृहात आले. आई दर रविवारी फोन करायची. बिल्यानाच्या वेण्या, बिल्यानाचा खोकला, बिल्यानाचे दात.

सराव रोज कर.

इस्क्रा

*

फोज्जा, २८ एप्रिल

प्रिय इस्क्रा,

आता एकही हलत नाही! ६४० म्हणजे जादू आहे. सिन्योरांच्या भुवईचा केस न् केस मोजून घे.

खोलीचं मला खरंच माहीत नव्हतं. ताई बोलली नाही कधी. वसतिगृह तुझ्या शिक्षणासाठी, असं वाटायचं मला. पण बघ ना, शिकलीसच की चांगली.

आता महत्त्वाचं. कॅमेऱ्यावर घड्याळाचं चित्र असलेलं बटण सापडलं. दाबलं की दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघतो. मला रात्रभर झोप नाही आली आनंदाने. पोरं दारातून निघताना सगळे मिळून एक ते बारा मोजतात ना, बारा वर्षांच्या शाळेचे बारा आकडे? मी कॅमेरा फाटकाच्या खांबावर ठेवणार, "एक" म्हटलं की बटण दाबणार आणि "बारा"च्या आधी बिल्यानाशेजारी जाऊन उभी. जमेल ना?

आणि घालू काय? इथल्या बाजारात एक निळा ड्रेस बघून ठेवलाय, आकाशासारखा.

मावशी

*

प्लोव्हदिव, ८ मे

प्रिय मावशी,

टायमर वापरू नकोस. या लेन्सवर टायमर लावला की फोकस जवळच्या वस्तूवर बसतो, म्हणजे फाटकावर. दारातले सगळे धूसर येतील. तो क्षण परत येत नाही.

निळं नको. उजळ कपड्याचा रंग समोरच्यांच्या चेहऱ्यावर पडतो. फोटो काढणारे काळं घालतात. बिनचमकीचं, साधं, काळं घाल.

२३ तारखेला मी बसस्टँडवर येईन.

इस्क्रा

*

फोज्जा, ९ जून

प्रिय इस्क्रा,

परत येऊन बारा दिवस झाले, अजून कानात मोजणं चालू आहे. काय दिसत होती गं पोर! हिरवा ड्रेस, उघडे खांदे. दारात आली तेव्हा मला वाटलं, ही कुणाची? मग तिने केस मागे सारले आणि माझ्या आईसारखीच दिसली.

तू म्हणालीस तिथेच, नळाच्या डाव्या बाजूला उभी राहिले. रादकाताईने तिच्या डोक्यावर शकुनाची पिटा भाकरी मोडली, तिने रिवाजाप्रमाणे फुलं घातलेल्या पाण्याचं भांडं पायाने उलथवलं, पाणी पार पायरीपर्यंत गेलं, आणि सगळे ओरडायला लागले, एक! दोन! ताई तिच्या उजवीकडे, तू डावीकडे, आणि सगळेच्या सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं माझ्याकडे इतक्या लोकांनी एकदम बघितलं नव्हतं.

एक गंमत सांगते. कोपऱ्यावरच्या गिना आजीने मला ओळखलंच नाही. पोरींना म्हणाली, "अगं, ती काळ्यातली फोटोवाली बाई दुपारपासून उभी आहे, तिलाही पिटा द्या की एक तुकडा." मी म्हटलं, "गिना आजी, मी नेवेना." तर म्हणते, "कोण नेवेना?" हसून हसून मेले.

पण मग काय झालं माहीत आहे? तुम्ही सगळे गाड्यांकडे गेलात, आणि बिल्याना एकटी परत आली. धावत, चपला हातात घेऊन. माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला, गिना आजीच्या हातात दिला, "आजी, हे दाब," म्हणाली आणि माझ्या कमरेभोवती हात टाकला. आजी म्हणे, "कुठे दाबू, मेला जड किती आहे!" टक् झालं, आणि ती पळाली. तिच्या दंडाला पावडरचा वास होता.

कार्ड तुझ्याकडे दिलंय, छापून पाठवशील. सगळे सावकाश पाठव. तो एक मात्र आधी.

मावशी

*

प्लोव्हदिव, २१ जून

प्रिय मावशी,

सोबत ३३९ फोटो. मागे पेन्सिलने क्रमांक घातले आहेत. उजेड आणि फोकस चांगले आहेत. नवशिक्या माणसाच्या मानाने फारच चांगले. मधला मोठा, दारातला, आईने चौकटीत घातला.

गिना आजीने काढलेला हललेला निघाला. बटण दाबताना तिने कॅमेरा खाली ओढला असणार. चेहरे ओळखू येत नव्हते, म्हणून पुसला.

कार्ड रिकामं करून पाकिटात ठेवलं आहे. सराव सोडू नकोस. भरपूर फोटो काढ.

इस्क्रा

*

फोज्जा, १४ जुलै

इस्क्रा,

दोन आठवडे मी तुझ्या पत्रावर विश्वास ठेवला. म्हटलं, माझं नशीब, गिना आजीचा हात. फोटो पलंगावर मांडून बघायचे. दोनशे बारा, मग दोनशे चौदा. तेरा नाही. ठीक आहे.

रिकामं कार्ड घालून रोज काढत राहिले, तू सांगितलंस म्हणून. सिन्योर, त्यांचं मांजर, खिडकी, बाजार. तीनशे, चारशे. परवा सिन्योरांचा वाढदिवस झाला, नव्वदावा. ते म्हणाले, "नेवेना, तू कधीच फोटोत नसतेस. ये इकडे." म्हटलं, मग काढणार कोण? त्यांनी घड्याळाच्या चित्रावर बोट ठेवलं. "हे कशाला आहे?" मी म्हटलं, ते या लेन्सला चालत नाही, माझी भाची शिकलेली आहे. तर म्हणतात, "माझ्या घरात चालतं का बघू."

कॅमेरा स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवला, समोर साखरेचा डबा होता तरी. सिन्योरांच्या चेहऱ्यावर फोकस धरला, बटण दाबलं, चालत गेले, त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले, आणि अजून तीन सेकंद बाकी होते. फोटो सोबत आहे. बघ. भुवई मोजून घे.

मग मी बिल्यानाला फोन केला. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती अर्धा तास बोलली. म्हणाली, "आई, तूच इस्क्राला लिहिलं होतंस ना, की मला फोटोत यायचं नाही, लोकांसमोर लाज वाटते म्हणून? तरी मला राहवलं नाही, म्हणून परत आले. तो फोटो कुठाय?" मी काय सांगू तिला?

तू मला रस्त्यावर उभं केलंस. मीटर मोजून उभं केलंस. काळं घालायला लावलंस. माझ्याच गावात मला परकी फोटोवाली केलंस, आणि मी तुझे आभार मानत होते. खोलीचा राग होता तर मला शिवी द्यायची होतीस. मला कळली असती.

त्या दिवशी चकती एसवर होती, शटर ६४० वर. दिवसभर हात लावला नाही, तूच बजावलं होतंस. ऊन होतं. तूच लिहिलं होतंस मार्चमध्ये, पत्र समोर आहे माझ्या. या वेगाला कुणाचाही हात कापला तरी फोटो हलत नाही. कुणाचाही.

एवढंच विचारते. दोनशे तेरा हललेला होता का?

नेवेना

*

प्लोव्हदिव, २६ जुलै

प्रिय मावशी,

तू पाठवलेला फोटो बघितला. फोकस सिन्योरांच्या डाव्या डोळ्यावर आहे, बरोबर आहे. फोटो जरा डावीकडे झुकलेला आहे, कॅमेऱ्याखाली कागदाची घडी घाल. टायमरबद्दल मी लिहिलं ते खोटं होतं. बिल्यानाला जे सांगितलं तेही. बाकी सगळं खरं होतं: लेन्स, अंतरं, शटर.

दारातल्या फोटोत आई बिल्यानाच्या उजवीकडे आहे, मी डावीकडे. आईचा हात बिल्यानाच्या खांद्यावर आहे. माझ्या खांद्यावर नाही. हे मला छापल्यावर दिसलं.

तू विचारलंस, म्हणून सांगते. २१३ हललेला नव्हता. दोघींचे डोळे स्पष्ट होते. तुझा चष्मा किंचित तिरका होता आणि बिल्यानाच्या हातात चपला होत्या.

आणखी एक, कारण तू पुढे हेच विचारशील. पुसलेला फोटो कार्डावरून परत काढता येतो. आमच्या दुकानात मी आठवड्यातून दोन-तीनदा लोकांना काढून देते. फक्त त्याच्यावर दुसरा फोटो बसलेला नसावा लागतो. कार्ड तुझ्याकडे पोचलं तेव्हा २१३ त्याच्यावर होता. त्याच्यानंतर किती काढलेस, ते तूच लिहिलं आहेस. वाढदिवसाच्या फोटोमागे क्रमांक ४१९ आहे.

मनगटाला गरम पट्टी बांधत जा. सराव चालू ठेव.

इस्क्रा